उस्तादांचं देणं

घोडं विकत घेताना आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं फार बारकाईने बघतात. भोवरे कुठे आहेत, देवमण आहे का, चारही पाय पांढरे आहेत का, दात किती झाले. जाणत्या माणसाला सोबत नेतात, चालवून बघतात, पळवून बघतात, किमतीसाठी रुमालाखाली बोटं दाबतात. आणि एवढं पारखून आणलेलं जनावर शिकवायला कोणाच्या हाती द्यायचं, हे मात्र चहा पिता पिता ठरतं. कोणीतरी म्हणतं, अमक्याच्या घोड्या वरातीत काय नाचतात! तेवढ्यावर शिंगरू त्याच्या दावणीला जातं.

पशुवैद्य म्हणून मी आयुष्यभर या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत जनावरं तपासली. बैल, म्हशी, शेळ्या जास्त, घोडे थोडे. पण त्या थोड्या घोड्यांतले जे बिघडलेले पाहिले, त्यातले बहुतेक जन्माने वाईट नव्हते. शिकवणाऱ्याने बिघडवलेले होते. हे मला परभणीच्या महाविद्यालयात जाण्याआधीच कळलं होतं, अंबाजोगाईच्या एका अंगणात. त्या अंगणाच्या मालकांचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव छापून आलेलं त्यांना कधीच रुचलं नसतं. गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, आम्हीही तेच म्हणत होतो.

आमचं गाव केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. आजोबांच्या काळात घरी घोडी होती. रस्ते नव्हते, वस्त्या लांब लांब, आणि पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी हलायची नाही. बहात्तरच्या दुष्काळात कडबा संपला, तेव्हा ती घोडी विकली. आजोबा त्यानंतर घोड्याविषयी बोललेच नाहीत, असं आई सांगायची. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मनात मात्र ते राहिलं होतं. दहा वर्षांनी हाताशी थोडा पैसा आला तेव्हा ते मला सोबत घेऊन अहमदपूरमार्गे माळेगावला गेले.

माळेगावची यात्रा नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, खंडोबाची, मार्गशीर्षाच्या अखेरीला भरते. घोडे, गाढवं, उंट, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती. तिथे आबांनी मैना बघितली. कुमैत रंगाची, चार दातांची, म्हणजे साडेतीन-चार वर्षांची. हलगीवर नाचत होती आणि तिच्याभोवती गर्दी होती. आबा नाच बघत नव्हते. हलगी थांबल्यावर त्यांनी मालकाला लगाम काढायला लावला आणि स्वतः तिचं तोंड उघडलं. जिभेवर आडवा जुना व्रण होता. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जिथे हिरडी उघडी असते आणि लगाम बसतो, तिथे गाठी आल्या होत्या. ओठांचे कोपरे फाटून पुन्हा जुळलेले. मालकाच्या हातातला लगाम आतून काटेरी होता.

आबांनी तीच घोडी घेतली. वाटेत मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाय शाबूत हायत, डोळा गरीब हाय. तोंड माणसानं बिघडवलंय, तर माणूसच नीट करील. तो माणूस हुडकायचा."

तो माणूस शोधायला त्यांनी घोडी शोधण्यापेक्षा जास्त वेळ घेतला, आणि कसा शोधला ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

पहिलं नाव आलं ते वरातीच्या घोड्या तयार करणाऱ्या एका गृहस्थांचं. जिल्ह्यात त्यांचा गवगवा होता. आबांनी निरोप धाडला नाही. न सांगता, दिवस उजाडायच्या वेळी गेले. तबेल्यात खुराक द्यायची वेळ होती. भुकेलं जनावर खुराक आणणाऱ्याकडे तोंड करतं. तिथले घोडे मालकाच्या हातात तोबरे असतानाही मागे सरत होते, पिछाडीचे दोर ताणले जात होते. गृहस्थ आगत्याने बोलले, चहा दिला, आणि घोडी न बघताच म्हणाले, "पाठवून द्या, महिन्याभरात नाचायला लागंल." आबांनी चहा घेतला, रामराम केला आणि निघाले. दुसरे पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त झालेले एक हवालदार. ते मैनेला बघायला आमच्या गावी आले, तिच्याजवळ बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कोऱ्या जनावराला मी शिकवतो. हिचं आधीचं पुसायचंय, ते मला यायचं नाही. अंबाजोगाईला जा." स्वतःला काय येत नाही हे त्यांनी सांगितलं नसतं, तर आम्ही उस्तादांपर्यंत पोहोचलोच नसतो. त्यांचंही ऋण आहेच.

अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होती, आणि हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाचं एक ठाणं तिथे होतं. या फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांनी 1853 साली निजामाकडून वऱ्हाड लावून घेतला, आणि 1903 साली ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. तिच्या घोडदळातूनच पुढे डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट घडली, जी आज रणगाड्यांवर आहे. तेव्हाची पद्धत शिलेदारी होती. घोडा, खोगीर, वैरण शिपायाने आपल्या पदरची आणायची. म्हणजे घोडा हेच त्याचं भांडवल आणि तीच त्याची नोकरी. अशा शिपायाने आपलं शिंगरू फेरायला चाबुकस्वाराकडे दिलं आणि त्याने ते अडेल किंवा बुजरं करून परत दिलं, तर त्याच्या घरची चूल धोक्यात यायची. उस्तादांचे आजोबा त्या ठाण्यावर घोडे फेरायचे. फौज गेली, पण घरातली विद्या राहिली. टांग्याच्या घोड्यांवर आणि आसपासच्या पाटलांच्या घोड्यांवर ती तगून होती.

आम्ही गेलो तेव्हा उस्ताद साठी ओलांडलेले होते. बारीक अंगकाठी, पांढरी दाढी, बोलणं हळू. अंगणात लिंबाखाली तीन घोडी बांधलेली. ते घरातून बाहेर आले तशी तिन्ही घोड्यांनी मान वर केली, आणि त्यातला एक म्हातारा पांढरा घोडा दोर पुरेल तिथपर्यंत त्यांच्याकडे चालत आला. आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांचा निर्णय त्याच क्षणी झाला होता.

उस्तादांनी पहिला प्रश्न घोडीबद्दल केला नाही. "पाटील, हिच्यावर बसणार कोण?"

आबा म्हणाले, "ही." मी तेव्हा अकरावीत होते, योगेश्वरी महाविद्यालयात, शास्त्र शाखेला. अंबाजोगाईलाच मावशीकडे राहत होते. त्या काळात आमच्या भागात मुलीने सायकल चालवली तरी लोक वळून बघायचे. उस्ताद थोडा वेळ गप्प राहिले. मग मला म्हणाले, "मग बेटी, तुला रोज यावं लागंल. घोडी मी शिकवीन, पण घोडी तुझ्याकडं जायचीय. माझा हात वळखून काय उपयोग? तुझा हात वळखला पाहिजे."

मग त्यांनी कागद मागितला. आबांना म्हणाले, लिहा. घोडी परत जाताना काय काय करील ते लिहा. बसताना उभी राहील. चालंल, दुडकी चालंल, सांगितलं की थांबंल. दोन्ही अंगांना सारखी वळंल. ओढ्याच्या पाण्यात उतरंल. एसटी जवळून गेली तर जागेवर राहील. आबांनी लिहिलं. शेवटी उस्ताद म्हणाले, "आता हेबी लिहा: वरातीला लावायची न्हाई. बँडच्या पुढं तिला जुनं सगळं आठवंल. ते मला पुसता येणार न्हाई." दोघांनी सह्या केल्या. उस्तादांची सही उर्दूत.

पुष्कळ वर्षांनी झेनोफोन या ग्रीक सेनानीच्या अश्वविद्येवरच्या पुस्तकाबद्दल माझ्या वाचनात आलं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं ते पुस्तक. त्यात तो घोडेमालकाला सांगतो की शिंगरू शिकवायला देताना, मुलाला एखाद्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवावं तसं, परत येताना त्याला काय काय यायला हवं ते लिहून द्यावं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो वहीतला फाडलेला कागद होता. उस्तादांनी झेनोफोनचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. घोड्याशी प्रामाणिक राहणारी माणसं बहुधा त्याच जागी पोहोचत असावीत.

पहिले कित्येक आठवडे मैनेच्या तोंडात लगाम गेला नाही. मी सकाळी कॉलेजच्या आधी जायची. खरारा करायचा, खूर साफ करायचे, म्होरकी धरून तिला चालवायचं, बस्स. मला वाटायचं, शिकवणं कधी सुरू होणार? उस्ताद म्हणायचे, "हेच चालू हाय." हिरडीच्या गाठी बसायला, व्रणाची आग जायला वेळ लागतो हे मला आज शरीरशास्त्राने समजतं. त्यांना ते बोटांनी समजत होतं. दर दोन-तीन दिवसांनी ते तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवायचे आणि तिचा कान कुठे जातो ते बघायचे. कान मागे पडला की हात काढून घ्यायचे. एक दिवस कान जागचा हलला नाही. त्या दिवशी त्यांनी मला जाड, गुळगुळीत कडीचा लगाम आणायला पाठवलं. त्या कडीला ओला गूळ चोळला आणि तिने तो स्वतःहून तोंडात घ्यावा म्हणून वाट बघत बसले. कडी दातांवर आपटली नाही. लगाम काढतानाही नाही.

त्यांच्या सगळ्या विद्येचं मर्म एका वाक्यात होतं आणि ते वाक्य मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलं: "ओढल्यानं शिकत न्हाई, सोडल्यानं शिकतं." लगाम किंचित घ्यायचा, घोडीने थांबण्याचा विचार जरी केला, मान जरा आत घेतली, पाऊल जरा रेंगाळलं, की त्याच क्षणी हात सैल. तो सैल झालेला क्षण तिला सांगतो की तू केलंस ते बरोबर. क्षण चुकला, हात उशिरा सुटला, तर तिला कळतच नाही की कशासाठी सुटला. आणि सोडलंच नाही तर ती तोंड बथ्थड करून घेते, कारण सहन करण्यावाचून तिच्याकडे दुसरा उपाय उरत नाही. मग माणूस म्हणतो, घोडी तोंडाची कडक आहे, आणि काटे आणतो. काटेरी लगाम असा जन्माला येतो: शिकवणाऱ्याच्या आळशी हातातून.

दोन्ही अंगांनी वेगवेगळं शिकवायचं, हेही त्यांचंच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ सगळा परिसर त्याला दिसतो, फक्त नाकासमोर आणि थेट शेपटीमागे तेवढं दिसत नाही. डावीकडून ओळखलेली वस्तू उजवीकडून आली तर तो पुन्हा बुजू शकतो. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी डावीकडून, मग उजवीकडून, अगदी पहिल्यापासून. फडफडणारं पोतं, छत्री, सायकल, शेवटी बसस्थानकाच्या बाहेरची एसटी. मैना थरथरली की उस्ताद पुढे ओढायचे नाहीत, मागे फिरायचेही नाहीत. तिथेच उभे राहायचे. ती थरथरायची थांबली, ओठ चावल्यासारखे हलवले, मान खाली घेतली की मग घरी.

उस्तादांच्या पत्नीविषयी, चाचींविषयी, लिहिलं नाही तर हे सगळं अपुरं राहील. अंगणात मी एकटी मुलगी, येणारेजाणारे पुरुष, बघायला जमणारी पोरं. मी पोहोचायच्या आधी चाची सूप घेऊन ओट्यावर बसलेल्या असायच्या. कधी शेंगा सोलायच्या, कधी डाळ निवडायच्या. मी निघेपर्यंत उठायच्या नाहीत. मला वाटायचं, त्यांची सकाळची कामंच ती. पुढे मावशीकडून कळलं की उस्तादांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं, पोर असेपर्यंत ओट्यावर बसत जा, म्हणजे गावात कोणाच्या तोंडी काही येणार नाही. घरातली सगळी कामं मागे ठेवून त्या बाई रोज तिथे बसल्या आणि मला एका शब्दाने जाणवू दिलं नाही. घोडीचं तोंड सांभाळणारं ते घर माझी अब्रूही सांभाळत होतं. याची परतफेड कशी करायची असते, मला माहीत नाही. मी ती केलेली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी आबा आले. उस्तादांनी कागद काढला आणि ओळीने वाचायला लावला. प्रत्येक ओळीला मी बसून ते करून दाखवलं. स्वतः ते लिंबाखाली बसून होते, एकदाही उठले नाहीत. हिशेबाच्या वेळी आबांचं आणि त्यांचं जरा वाजलं. तोंड बरं होत होतं त्या आठवड्यांचे पैसे ते घेईनात, फक्त खुराकाचे घेतले. म्हणाले, "त्या दिसांत मी काय शिकवलं?" आबा म्हणाले, "उस्ताद, तेच तर शिकवलं." शेवटी आबांनी त्या पैशांचा ज्वारीचा कडबा गाडीत भरून त्यांच्या अंगणात टाकला, आणि तो मात्र त्यांनी घेतला, कारण तो घोड्यांसाठी होता.

निघताना ते आबांना आणखी एक गोष्ट बोलले. "पाटील, पोरीचा हात हलका हाय आन नजर बारीक हाय. हिला जनावरांची डाक्टर करा. परभणीला कालेज हाय म्हणतात." आबांच्या मनात मला शिक्षिका करायचं होतं. पण ज्या माणसाच्या शब्दावर त्यांनी घोडी सोपवली, त्याचा शब्द त्यांनी माझ्याही बाबतीत मानला. परभणीला आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पहिल्या वर्षी घोड्याच्या जबड्याचं हाड हातात आलं, तेव्हा दात आणि दाढांमधली ती मोकळी, धारदार कड मी अंगठ्याने चाचपली. तिच्यावर हिरडीचं अगदी पातळ आवरण असतं. तिथे लोखंड बसतं. काटेरी लोखंड काय करत असेल हे मग कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

मैना आमच्याकडे म्हातारी होऊन गेली. एकदा धारूरच्या वाटेवर अचानक वरातीची बँडगाडी समोर आली. तिचं सगळं अंग ताठ झालं. मी उतरले, तिच्या खांद्याशी उभी राहिले, लगाम सैल सोडला. ती थरथरत होती, पण जागची हलली नाही. वरात गेली. वरातीसाठी तिला मागायला पुष्कळ जण यायचे, चांगले पैसे द्यायचे म्हणायचे. आबा तो कागद दाखवायचे.

उस्ताद जाऊन खूप वर्षं झाली. चाचीही गेल्या. त्या अंगणात आता दुकानांचे गाळे आहेत.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घोड्यांची हौस पुन्हा वाढली आहे. त्याचा मला आनंद आहे. आपल्या दख्खनच्या भीमथडी घोड्याला देशातल्या नोंदणीकृत जातींमध्ये जागा मिळाली. माळेगावला, सारंगखेड्याला तरुण पोरं उत्साहाने जातात. संत एकनाथांच्या पालखीचं रिंगण पाटोदा तालुक्यात पारगाव घुमऱ्याला होतं, तेव्हा एवढ्या गर्दीत, टाळमृदंगाच्या गजरात शांतपणे धावणारा घोडा बघायला माणसं लोटतात. चांगल्या हाताखाली घोडा काय होऊ शकतो हे तिथे सगळ्यांना दिसतं. पण त्याच काळात माझ्यासमोर दोन वर्षांची शिंगरं येतात, पाय सुजलेली, पाठ दुखणारी, जीभ कापलेली. मणक्याची हाडं पूर्ण जुळायला पाच-सहा वर्षं लागतात. त्या शिंगरांना दुसऱ्या वर्षी पलंगावर नाचवलेलं असतं आणि त्याची चित्रफीत मोबाईलवर फिरत असते. काटेरी लगामाला आपल्या देशात 1965 च्या नियमांनी बंदी आहे. जत्रेत तो अजूनही उघड विकायला टांगलेला मी बघितला आहे.

तुम्ही घोडं घेणार असाल तर माझी हात जोडून विनंती आहे. शिकवणाऱ्याकडे निरोप न धाडता, पहाटे खुराकाच्या वेळी जा. तो दारात आला की त्याची घोडी पुढे येतात की मागे सरतात ते बघा. त्याच्या सगळ्यात जुन्या घोड्याचं तोंड उघडून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर पुढे काही विचारू नका. त्याला काय करता येणार नाही ते विचारा आणि उत्तर नीट ऐका. काय शिकवणार ते कागदावर लिहून घ्या, आणि घोड्यासोबत तुम्हालाही शिकवणार का ते विचारा. तीन वर्षांखालच्या शिंगरावर बसायला तो तयार असेल, किंवा महिन्याभरात करून देतो म्हणाला, तर चहा घ्या, रामराम करा आणि शिंगरू घेऊन घरी परत या.